लेखी चर्चेतून अध्ययन

म्हैसूर विद्यापीठाने १९६९-७० मध्ये टपालाद्वारे शिक्षण देण्यास आरंभ केला. त्याच विभागातून १९९६ साली म्हैसूर येथे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उदयास आले. दूरच्या विद्यार्थ्यांस घरबसल्या पाठ मिळू लागले. परंतु पाठ पोचला म्हणजे शिक्षण पोचले, असे नव्हे. शंका विचारावयास ज्याच्या जवळ कोणी नाही, तो विद्यार्थी मागे पडतो व पुष्कळदा अभ्यासच सोडतो. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘स्वयम्’ योजनेत व्याख्यान, वाचनसाहित्य व स्वयंपरीक्षण यांच्या जोडीस चर्चाफलक हे चौथे अंग ठेवण्यात आले, ते याच उणिवेच्या परिहारार्थ होय.

विचारास अवकाश

अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांस आढळले. हा अवधी तीन सेकंदांहून अधिक केला असता उत्तरे सविस्तर येतात आणि मागे राहणारी मुलेही बोलू लागतात. लेखी चर्चेत हाच अवधी दोन-तीन दिवसांचा होतो. बुजऱ्या विद्यार्थ्यास त्यात आधार सापडतो.

प्रश्न कसा असावा?

“पाण्याचा उत्कलनबिंदू किती?” या प्रश्नास पहिल्याने उत्तर दिले की चर्चा संपते. त्याऐवजी, “आपल्या गावी पाणी किती अंशांस उकळते ते मोजा व कारण सांगा,” असे विचारावे. समुद्रकाठच्या कारवारचा विद्यार्थी १०० अंश सेल्सिअस लिहील. सुमारे ७७० मीटर उंचीवरील म्हैसूरचा ९७.५ च्या आसपास, तर त्याहून उंच मडिकेरीचा सुमारे ९६ लिहील. कोणी म्हणेल, तापमापक सदोष आहे. कोणी म्हणेल, पाण्यात क्षार आहेत. त्यावर तिसरा दाखवून देईल की क्षारांमुळे उत्कलनबिंदू वाढतो, घटत नाही. अशा रीतीने उंची व हवेचा दाब यांचा संबंध विद्यार्थी स्वतःच शोधतात. येथे प्रत्येकाजवळ असे काही असते, की जे दुसऱ्याजवळ नाही. चर्चेचे मर्म हेच.

शिक्षकाचे कार्य

शिक्षकाने आरंभीच उत्तर देऊ नये. दिल्यास विद्यार्थी लेखणी खाली ठेवतात. तथापि त्याने अगदी मौनही धरू नये. “हे कशावरून म्हणता?” असे मधून मधून विचारावे. शेवटी निष्कर्ष मांडून चुकीच्या समजुती दूर कराव्यात. नुसत्या “मी सहमत आहे” या उत्तरास गुण देऊ नयेत. सहमतीचे कारण मागावे.

ज्या शाळेत संगणक नाही, तेथे ग्रंथालयात ठेवलेली एक वहीदेखील हे कार्य करू शकेल.

स्वाध्याय : आपल्या पाठ्यपुस्तकातील एका पाठावर असा प्रश्न तयार करा, की ज्याची उत्तरे देताना प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतःचे निरीक्षण लिहावे लागेल.