अलीयाबाची उंची आणि आमची मुले

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१-१३; १ करिंथ ६:१९-२०; १ तीमथ्य ४:८

आमच्या रविवारच्या शाळेतील सोळा वर्षांच्या एका मुलाच्या आईला तांदळाच्या पिंपामागे प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा सापडला. पुस्तकांसाठी दिलेले पैसे त्यात गेले होते. आई तो डबा घेऊन आमच्याकडे आली. मुलाला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, नाटकात मला शमशोन व्हायचं होतं. तुम्हीच म्हणालात, हा काडीपैलवान कसला शमशोन होणार! सगळे हसले."

आम्ही ते विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता. म्हणून हा पाठ प्रथम आम्हा शिक्षकांसाठी आहे.

व्यायाम करणे हे पाप नव्हे. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले, ते ख्रिस्ती सेवा म्हणूनच. पौलही शरीराच्या कसरतीला टाकाऊ म्हणत नाही. तिचा लाभ मर्यादित आहे, भक्तीचा त्याहून मोठा आहे, एवढेच तो तीमथ्याला सांगतो.

आता पावडरीविषयी. दूध नासवून चीज करताना जे पाणी उरते, त्यातील प्रथिने वाळवून बहुतेक पावडरी होतात. चांगल्या प्रतीची पावडर विष नव्हे, तशी ती जादूही नव्हे. स्नायू वाढतात ते व्यायाम, पुरेसे अन्न, झोप आणि वेळ यांनी. २०२० च्या भारतीय प्रमाणानुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलास रोज सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांत १२, अर्धा लिटर दुधात १६, ५० ग्रॅम फुटाण्यांत १० आणि २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. एवढ्यातच हिशेब पुरा होतो. आमटी आणि मासळी वेगळीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळाव्यात, असाच सल्ला दिला आहे.

खरा धोका पुढे आहे. पावडरीने मनासारखे झाले नाही की कोणीतरी गोळी किंवा इंजेक्शन सुचवतो. स्टेरॉइडमुळे वाढत्या वयातील हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते, यकृताला इजा होते, आणि शरीरात स्वाभाविकपणे तयार होणारे पुरुषी संप्रेरक घटते. मोठे दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने मूल कायमचे खुजे राहावे, ही केवढी शोकाची गोष्ट!

आता इशायाच्या घरी चला. अलीयाबाची उंची पाहून शमुवेलासारखा संदेष्टाही फसला. देवाने त्याला अडवले, कारण देव अंतःकरण पाहतो. निवडलेला मुलगा तर मेंढरांमागे होता. त्याला बोलावण्याचे बापालाही सुचले नव्हते. आमच्या मुलांना आरशाने जेवढे फसवले नसेल, तेवढे आमच्या तराजूने फसवले आहे. ज्या शरीराला पौल पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, त्याची आम्ही वर्गात थट्टा केली. त्या शरीरासाठी मोल भरलेले आहे. त्याची किंमत दंडाच्या घेरावरून ठरत नाही.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो अजून व्यायामशाळेत जातो. आम्ही त्याला अडवले नाही. डबा डॉक्टरांना दाखवला. पहाटेची अंडी मात्र आता आई स्वतः उकडते, आणि त्या घरात पिंपामागे लपवावे असे काही उरलेले नाही.

चर्चेसाठी प्रश्न
१. शमुवेल अलीयाबाला पाहून का फसला? आपण कोणाला असेच मापतो?
२. शरीराची निगा आणि शरीराची पूजा यांत फरक कोणता?
३. आपल्या थट्टेने दुखावलेला कोणी वर्गात आहे काय? या आठवड्यात त्याच्याकडे जाल काय?