केकसाठी मिक्सर कोणता घ्यावा?

प्रश्न : घरून केकच्या ऑर्डर घेते. स्टँड मिक्सर परवडत नाही. काय घेऊ? – एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, आठवड्याला चार-पाच केक असतील तर 250 ते 300 वॉटचा हँड मिक्सर पुरतो. लोणी-साखर फेटणं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसाठी क्रीम फुलवणं त्याला जमतं; क्रीमचं भांडं मात्र आधी फ्रीजमध्ये गार करा. नुसत्या वॉटच्या आकड्याला भुलू नका. मोटर सलग किती मिनिटं चालवायची, ते माहितीपत्रकात बघा. सोबत हुक मिळाले तरी पावाची घट्ट कणीक हातानंच मळा, नाहीतर मोटर जळेल. तुमच्याकडचा बेदाणा शेवटी चमच्यानं मिसळा. बीटरखाली तो चिरडतो. आणि दुरुस्ती सांगलीत होते ना, हे पैसे देण्याआधी विचारा.