अहवालात न आलेला बैल

ज्यांचे नाव नागपूरच्या महाविद्यालयाला आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली त्या शहरी आले, त्यांनी शाळा काढली, खडक व जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून मुक्कामाकडे घोड्यावरून परतत असता अंधारात, फुगलेल्या नाल्यात बुडून मरण पावले. धर्मप्रचारकांच्या अरण्यकथांत वाघांची गर्दी फार असते. परंतु मध्य प्रांतातला हा सर्वांत विद्वान मिशनरी वाघाने नव्हे, एरवी ज्याला कोणी नावही विचारणार नाही अशा ओढ्याने नेला. हिस्लॉप निदान स्वतःच्या घोड्यावर होते. मला जे सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच्या गाडीत बसून जाणाऱ्यांविषयी आहे.

१९५६ साली राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून सरकारी दप्तरांबरोबर जी मराठी कुटुंबे इकडे आली त्यांत आमचेही होते. मी कचेरीतला कारकून. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही आणि हौसही नाही. तथापि रजेच्या दिवसांत आमच्या ख्रिस्ती मंडळीतील उपदेशकांबरोबर ओबेदुल्लागंज, बरखेडा, बुधनी या बाजूच्या रानातून हिंडावे, प्रवासाचा जमाखर्च लिहावा, औषधांची पेटी सांभाळावी, एवढी सेवा माझ्याकडे असे.

अशाच एका आषाढात बेतवेच्या उगमाकडील रानात आमची बैलगाडी एका नाल्यापाशी थांबली. पाणी तांबडे होते, पलीकडच्या गावात लोक वाट पाहत होते, आणि संध्याकाळ व्हावयास फारसा अवकाश नव्हता. गोंड गाडीवान खाली उतरला, काठीने पाणी चाचपून आला आणि म्हणाला, "साब, नाला अभी बोल रहा है, चुप होने दो." आमच्याबरोबरचे वडीलधारे उपदेशक मनाने निर्मळ, परंतु श्रद्धेच्या बाबतीत कोणाचे ऐकून घेणारे नव्हते. यार्देनेचे पाणी ज्याने थांबविले तो हा ओढा थांबवू शकत नाही काय, असे त्यांनी विचारले. आणि रोजमुऱ्यावर ठेवलेल्या माणसाने अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावे? त्याने बैल घातले. मध्यावर चाक दगडावर चढून गाडी कलंडली, गाडीवानाने कंबरेचा विळा काढून एका बैलाची जुपणी कापली, दुसऱ्याची कापावयास हात पोहोचला नाही. आम्ही झुडपांना धरून काठाला लागलो. दुसरा बैल गेला.

पुढे मिशनच्या अहवालात प्रभुकृपेने सर्वजण पुरातून सुखरूप बचावल्याचे आले, आणि त्यावर उपकारस्तुतीही झाली. बैलाचा उल्लेख कोठेही नव्हता; जमाखर्चात त्याच्यासाठी कलमच नव्हते.

प्रेषित पौलाच्या जलप्रवासाची कथा आमच्या मंडळीत फार आवडीने सांगतात: चौदा रात्री वादळात भरकटून जहाज माल्टाच्या किनाऱ्याला फुटले आणि त्यावरील २७६ माणसे जिवंत बाहेर आली. कथेचा पूर्वार्ध मात्र घाईने आटोपला जातो. क्रेत बेटापाशी असतानाच पौलाने पुढे जाऊ नका, जहाज व माल यांची हानी होईल, असे बजावले होते, आणि शताधिपतीने ते मानले नव्हते. म्हणजे त्या जहाजावरचा सर्वांत श्रद्धाळू मनुष्य थांबा म्हणत होता. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे शास्त्रवचन तर खुद्द सैतानाच्या तोंडी आलेले आहे.

नव्याने या मुलुखात फिरणाऱ्यांनी म्हणून एवढे ध्यानात घ्यावे. विंध्याचा हा भाग वालुकाश्माचा, माती पातळ आणि उतार उभे, त्यामुळे पाऊस मुरत नाही, वाहतो. लहान नाला जितक्या झपाट्याने चढतो तितक्याच झपाट्याने, पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतो. थांबण्याची किंमत एका चुकलेल्या प्रार्थनासभेपेक्षा अधिक नसते. डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी वर डोंगरात पडत असेल, हे गाडीवानाला ठाऊक असते. तेव्हा नाला ओलांडण्याचा हुकूम त्याचा, तुमचा नव्हे, हे निघण्यापूर्वीच त्याला स्पष्ट सांगावे, कारण काठावर उभे राहिल्यावर तो साहेबापुढे बोलेलच असे नाही.

रात्री जमिनीवर निजू नये. मण्यार अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा सुजत नाही की दुखत नाही, म्हणून मनुष्य कूस पालटून पुन्हा निजतो. खाट असावी, मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचलेली असावी. हिवतापापासूनही तीच राखते. दंशाचा संशय आला तर प्रार्थना गाडीत करावी आणि गाडी रुग्णालयाकडे हाकावी. प्रतिविष तेथे मिळेल, रानात मिळणार नाही. उज्जैनच्या वाकणकरांनी १९५७ च्या सुमारास उजेडात आणलेल्या भीमबेटकासारख्या गुहांतून सावलीला बसून चहा उकळण्याचा मोह आमच्या लोकांना होतो. तो करू नये. वरच्या कपारींत आग्यामोहोळ असते आणि धूर त्याला खपत नाही.

राहता राहिला बैल. प्रवासाच्या अंदाजपत्रकात गाडीवानाच्या नुकसानीचे स्वतंत्र कलम असावे, अशी सूचना मी लेखी दिली, तेव्हा हे अश्रद्धेचे लक्षण आहे, असा आक्षेप एका सभासदाने घेतला. मी पौलाच्या जहाजाच्या मालकाला पुढे कोणी भरून दिले काय, एवढेच विचारले, आणि कलम मंजूर झाले. परंतु मंजुरी पुरेशी नाही. रक्कम प्रवासातच हाती असावी, दिवाळीनंतरच्या बैठकीत नव्हे. आषाढात पेरणी चालू असते, जोडीतला एक बैल गेलेला शेतकरी शेजाऱ्याकडून मागून आणतो, शेजाऱ्याचे शेत आटोपेपर्यंत थांबतो, आणि तोवर वाफसा निघून जातो.