गावातला डॉक्टर घडतो कसा?



यंदाचा निधी गावाकडच्या आरोग्यासाठी द्यायचं ठरलं तेव्हा पहिली सूचना आली ॲम्ब्युलन्सची आणि दुसरी सोनोग्राफी मशीनची. साहजिकच आहे म्हणा, आपल्यातले निम्मे इंजिनियर. यंत्र म्हटलं की आमचे डोळे चमकतात. पण यंत्र गावात पोचलं तरी पेशंटचं ऐकून घेणारा डॉक्टर तिथे टिकायला हवा. तो तयार कसा होतो, हे आम्ही थोडं वाचून समजून घेतलं. ते इथे मांडतो.

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात विद्यार्थ्याला पेशंट भेटतो तो खाटेवर, आजार बळावल्यानंतर. चार दिवसांत डिस्चार्ज होतो आणि पुढे काय झालं ते विद्यार्थ्याला सहसा कळत नाही. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलचंच उदाहरण घ्या. हात-पाय दुखून कळवळणारं मूल वॉर्डात येतं, सलाईन आणि वेदनाशामक औषध मिळतं, ते घरी जातं. पण हा आनुवंशिक आजार. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे धाकट्या बहिणीचं रक्त तपासायला हवं, थोरल्या भावाच्या लग्नाआधी बोलायला हवं, आणि आईला कोणी दोष देत असेल तर सासूलाही समजवायला हवं. हे सगळं वॉर्डात शिकवता येत नाही. त्यासाठी घरात जावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. ब्लडप्रेशरचंही तेच. कापूस वेचणीच्या दिवसांत गोळ्या बंद का झाल्या, तर तालुक्याला जाण्यात एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून. केसपेपरवर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथे नव्या विद्यार्थ्यांचे सुरुवातीचे दिवस आश्रमात जातात. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते, आणि एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवली जातात. शिबिर संपल्यावरही त्याच घरी नियमित जायचं. (याच भागात गावकऱ्यांनी आरोग्य विम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपात भरायची योजनाही चालली. आमच्या इथल्या इन्शुरन्सच्या कागदांपेक्षा ती आम्हाला लवकर समजली!) पुढे २०२१-२२ च्या बॅचपासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम भारतभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला. कल्पना उत्तम. पण शंभर-दीडशे मुलं बसमधून उतरली, फॉर्म भरले, फोटो काढले आणि परतली, असं झालं तर ती सहलच. सोबत शिकवणारा शिक्षक हवा, आणि पुढच्या खेपेला तोच विद्यार्थी त्याच दारात हवा.

हा प्रश्न फक्त आपल्या देशाचा नाही. इथे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ मध्ये असाच कार्यक्रम सुरू केला. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षातले विद्यार्थी नऊ महिने एका लहान गावात, तिथल्याच डॉक्टरांच्या हाताखाली राहतात. गरोदरपणी तपासलेल्या बाईचं बाळंतपण बघायला मिळतं आणि बाळाच्या लशीही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० च्या शिफारशींत हेच म्हटलंय: खेड्यातून आलेली मुलं निवडा, त्यांना खेड्यात शिकवा, म्हणजे ती खेड्यात राहण्याची शक्यता वाढते. खात्री नव्हे हो, शक्यता. चांगली शाळा नसेल, जोडीदाराला काम नसेल, तर कितीही तळमळीचा डॉक्टर शहराची वाट धरतोच.

म्हणून आमचा आग्रह असा, की या वर्षीचे पैसे यंत्राऐवजी मुक्कामावर खर्च व्हावेत: गावात राहण्याची खोली, मुलींसाठी सुरक्षित सोय आणि स्वच्छ संडास, जीपचं डिझेल, शिकवणाऱ्या डॉक्टरांचं मानधन. या गोष्टींवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

ज्या संस्थेला निधी द्यायचा तिला आम्ही दोन प्रश्न पाठवतोय. एक विद्यार्थी एकाच कुटुंबाकडे वर्षातून किती वेळा जातो? आणि त्या वेळी सोबत कोण असतं? उत्तरं आली की कार्यक्रमाच्या दिवशी देणगीच्या टेबलावर ठेवू. वाचा आणि मगच चेक लिहा.