गणकयंत्राची स्मृती

मेज, कपाट आणि दप्तरखाना यांची कामे जशी निरनिराळी, तशीच गणकयंत्रातील संग्रहसाधनांचीही होत. अर्धवाहक कार्यस्मृती सर्वांत शीघ्र. परंतु ती महाग असून वीज जाताच रिती होते. चुंबकीय तबकडी नोंद टिकविते. १९५६ सालच्या 'रॅमॅक' यंत्रातील ५० तबकड्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. फ्लॅश स्मृती तबकडीहून शीघ्र असते, मात्र पुनःपुन्हा लेखनाने झिजते. चुंबकीय फितीवरील नोंद गाठण्यास फीत उलगडत जावे लागते; तथापि प्रचंड संग्रहाच्या दीर्घकालीन जतनास ती स्वस्त पडते. यांपैकी एकही साधन अक्षय नाही. म्हणून मोलाच्या नोंदीची दुसरी प्रत निराळ्या साधनावर, निराळ्या जागी ठेवणे अगत्याचे आहे.