भिंत आणि चौक

काशीस गंगा उत्तरवाहिनी होते. त्यामुळे तिच्या पश्चिम तीरावरील घाटांना सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपार कलली की काठावरील उंच इमारतींची छाया पायऱ्यांवर उतरू लागते. दशाश्वमेधानजीकचा अहिल्याबाई घाट याच रांगेत आहे. १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभविणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचे नाव त्यास मिळाले आहे.

घाटांमागील अरुंद गल्ल्यांत विद्यार्थ्यांची वस्ती फार जुनी. महाराष्ट्रातूनही कित्येक जण शास्त्राध्ययनासाठी येथे येत. थोड्या जागेत पुष्कळ माणसे, त्यात वैशाखाचा ताप. मग पंख्यावाचून ही माणसे राहत कशी?

याचे अर्धे उत्तर जाड दगडी भिंतीत आहे. भिंत उष्णता अडवीत नाही. केवळ तिला विलंब लावते. अर्धा मीटर जाडीच्या दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास सुमारे दहा-अकरा तास लागतात. चार इंची विटांच्या भिंतीस तीन-चार तास पुरतात. म्हणून जुन्या घरात दुपार सुसह्य होते. परंतु तीच उष्णता मध्यरात्री खोलीत उतरते! शिवाय स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे सहा विद्यार्थ्यांची खोली ही ६०० वॅटची शेगडीच होय.

उरलेले अर्धे उत्तर चौकात आहे. तापलेली हवा हलकी होऊन चौकातून वर जाते आणि गल्लीकडील दारे-खिडक्यांतून थंड हवा तिची जागा घेते. निरभ्र रात्री चौकाची फरशी आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून निवते. सारांश, भिंत उष्णता साठविते आणि चौक तिचा निचरा करतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. चार खोल्या अधिक मिळाव्यात म्हणून चौकावर छत घातले, तर राहणारे वाढतात आणि निचऱ्याची वाट मात्र बुजते. मग रात्रभर यंत्राने हवा थंड करावी लागते. ज्यास ते परवडत नाही, त्याची झोप आणि अभ्यास दोन्ही बुडतात. दाट वस्तीच्या वसतिगृहात मोकळी ठेवलेली जागा वाया गेलेली नसते.

प्रयोग : दोन तापमापके घ्या. एक खोलीत व दुसरे बाहेर सावलीत टांगा. दुपारी २, रात्री ९ व पहाटे ५ वाजता तापमान नोंदवा. एके रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या व दुसऱ्या रात्री बंद ठेवून नोंदींची तुलना करा.