आरशाने दाखविलेली खोड

एकादशीची रात्र आहे. देवळात भजन चालू आहे. टाळ वाजत आहेत. पखवाज घुमतो आहे. बुवा वरच्या पट्टीत गात आहेत. त्यांची मान ताठ झाली आहे. गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या आहेत. लोक म्हणतात, "वा! बुवा अगदी बेंबीच्या देठापासून गातात!"

पहाट होते. बुवांचा आवाज बसतो. मग ते हळदीचे दूध घेतात. खडीसाखर चघळतात. दोन दिवस गप्प बसतात. आवाज सुटतो. पण पुढच्या भजनाला पुन्हा तेच!

असे का व्हावे? औषध केले. विश्रांती घेतली. मग दुखणे परत का येते?

हाच प्रश्न एका परदेशी नटाला पडला होता. त्याने उत्तर कसे शोधले, ते या धड्यात वाचू.

नटाचा आवाज गेला

ऑस्ट्रेलिया हा देश आपल्यापासून फार दूर, समुद्रापलीकडे आहे. त्याच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. तेथे १८६९ साली फ्रेडरिक मॅथियास अलेक्झांडर याचा जन्म झाला. त्याचे वडील लोहारकाम करीत. मुलगा लहानपणापासून अशक्त होता. पण त्याला नाटकाचे वेड होते. मोठा झाल्यावर तो मेलबर्न शहरात आला. शेक्सपिअर या थोर इंग्रज नाटककाराची भाषणे तो लोकांपुढे म्हणून दाखवी. त्या काळी लाऊडस्पीकर नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. आवाज हेच त्याचे भांडवल होते.

आणि तो आवाजच बसू लागला. बोलता बोलता तो जोराने श्वास ओढी. तो ओढल्याचा आवाज लोकांना ऐकू जाई. डॉक्टरांनी घशाला औषध दिले. एका मोठ्या कार्यक्रमाआधी दोन आठवडे आवाजाला विश्रांती द्यायला सांगितले. त्याने तसे केले. घसा साफ झाला. तो उभा राहिला, बोलू लागला. पण अर्ध्या वाटेवर आवाज पुन्हा घोगरा झाला. शेवटी तर शब्द फुटेना.

आता काय करावे? हा धंदा सोडावा, तर पोट कसे भरावे?

अलेक्झांडर रडत बसला नाही. त्याने विचार केला. "बोलायला उभा राहिलो, तेव्हा घसा ठीक होता. बोलणे संपले, तेव्हा बसला होता. म्हणजे बोलताना मीच काहीतरी चुकीचं करतोय." डॉक्टरांना ते पटले. पण चूक कोणती, हे त्यांनाही सांगता येईना.

आरसा काय म्हणाला?

मग तो आरशापुढे उभा राहिला. आधी साधे बोलला. काही वेगळे दिसले नाही. मग रंगभूमीवर बोलतो तसे मोठ्याने बोलला. आता तीन गोष्टी दिसल्या. तो डोके मागे खेची. गळ्यातला कंठमणी खाली दाबी. आणि तोंडाने धापा टाकल्यासारखा श्वास ओढी.

त्याने पुन्हा साधे बोलून पाहिले. आता त्याची नजर तयार झाली होती. तेव्हा दिसले, की साध्या बोलण्यातही तेच तिन्ही प्रकार आहेत. फक्त थोडे कमी. मोठ्या बोलण्यात चूक उघडी पडे. लहान बोलण्यात ती लपून बसे.

त्याने आणखी नीट पाहिले. चूक गळ्यापुरती नव्हती. डोके मागे गेले, की छाती पुढे येई. पाठ आखडे. पाय ताठत. पायाची बोटे जमिनीला घट्ट धरीत. बोलायचे होते तोंडाने, पण झटत होते सारे अंग!

असे का होते, तेही पाहू. आपल्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. ते पाठीच्या कण्याच्या टोकावर तोललेले असते. मान मोकळी असेल, तर तोल सहज राहतो. मान आखडली, तर डोके मागे आणि खाली दाबले जाते. त्याचा भार कण्यावर पडतो. गळा आवळतो. श्वास अडतो. डोईवर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई पाहा. तिची मान उंच असते, पण आखडलेली नसते. मान आखडली, तर पाणी हिंदकळेल.

खोड कशी गेली?

"मग सोपं आहे. डोकं मागे न्यायचं नाही, म्हणजे झालं," असे तुम्ही म्हणाल. अलेक्झांडरलाही तसेच वाटले. त्याने डोके पुढे आणि वर ठेवले. निदान ठेवले, असे त्याला वाटले. खात्री करायला त्याने बाजूंनाही आरसे लावले. पाहतो तो काय! बोलायला लागताच डोके मागेच जात होते. मन सांगे, "जमलं." आरसा सांगे, "नाही."

असे का झाले? आत्ता हे पुस्तक क्षणभर खाली ठेवा. हातांची घडी घाला. आता घडी सोडा. जो हात खाली होता, तो वर येईल अशी घडी घाला. अवघडल्यासारखे वाटले ना? त्यात चूक काही नाही. फक्त सवय नाही. उलट, सवयीची गोष्ट चुकीची असली, तरी बरोबर वाटते. म्हणून केवळ वाटण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

अलेक्झांडरने यावर युक्ती काढली. बोलायचे मनात आले, की तो आधी थांबे. "आत्ता बोलायचं नाही," असे ठरवी. मग मनातल्या मनात अंगाला सांगे, "मान मोकळी सोड. डोकं पुढे आणि वर जाऊ दे. पाठ लांब, रुंद होऊ दे." ढकलाढकल करायची नाही. फक्त सांगायचे. नंतर कधी तो बोले. कधी बोलण्याऐवजी हात वर करी. कधी काहीच करीत नसे. असे त्याने दिवसामागून दिवस केले. त्यामुळे जुनी खोड आपोआप धावून येईनाशी झाली. आवाज मोकळा झाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. याने जितेपणीच ती घालवली!

पुढे तो इतर नटांना शिकवू लागला. १९०४ साली तो लंडनला गेला. १९३२ साली त्याने ही सारी हकिगत पुस्तकात लिहिली. १९५५ साली तो वारला. लंडनमधल्या नाटकाच्या आणि संगीताच्या मोठ्या शाळांत त्याची रीत शिकवतात. २००८ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी पाठदुखीच्या ५७९ रोग्यांवरच्या प्रयोगाचा निकाल छापला. त्यात ही रीत शिकलेल्यांची पाठदुखी कमी झाली, असे दिसले.

आपल्याला काय उपयोग?

तुम्ही पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढलेत, तो दिवस आठवा. पेन्सिल किती घट्ट धरली होती! खांदे वर गेले होते. श्वास कोंडला होता. अक्षर तर एवढेसे. पण अंग ओझे उचलल्यासारखे ताठले होते. पुढे हात सैल झाला, आणि अक्षर वळणदार झाले. गाण्याचे, नाचण्याचे, ढोलकी वाजवण्याचे तसेच आहे. जोर हवा तेवढाच लावावा. नको तिथला जोर कलेला मारतो.

शाहीर असो, कीर्तनकार असो, की लावणी नाचणारी कलावंतीण असो, अंग हेच त्यांचे वाद्य. ताशा तापवताना आपण जपतो. तंबोऱ्याला गवसणी घालतो. मग या वाद्याला का जपू नये?

करून पाहा

१. आरशापुढे उभे राहा. आधी आपले नाव सांगा. मग अभंगाची एक ओळ मोठ्याने गा. डोके मागे जाते का, खांदे उचलतात का, ते पाहा.

२. गायचे मनात आले, की क्षणभर थांबा. मान सैल सोडा. श्वास ओढू नका. तो आपला आपण आत येऊ द्या. मग गा.

३. दिवसातून एकदा सतरंजीवर उताणे पडा. डोक्याखाली धोतराची किंवा लुगड्याची दोन-तीन बोटे जाड घडी ठेवा. गुडघे उभे करा. पावले जमिनीवर टेकवा. दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहा. डोळे उघडे ठेवा.

लक्षात ठेवा, मान ताठ करणे वेगळे आणि मान मोकळी सोडणे वेगळे.

आणखी एक. सगळाच बसलेला आवाज मानेमुळे बसत नाही. तंबाखू आणि विडीही घसा बिघडवतात. आवाज तीन आठवडे सुटला नाही, तर दवाखान्यात जाऊन घसा दाखवा. त्याला हळदीच्या दुधावर ठेवू नका.

सांगा पाहू

१. विश्रांती घेऊनही अलेक्झांडरचा आवाज पुन्हा का बसला?

२. आरशात त्याला कोणत्या तीन गोष्टी दिसल्या?

३. आरसा लावूनही खोड लगेच का गेली नाही?

४. तुमच्या रोजच्या कामात तुम्ही नको तिथे जोर कुठे लावता? एक काम निवडा. दोन ओळी लिहा.